खिजगणती

नुकागासान संपादक. ते बोटं मोडत नाहीत, मोजतात.
"खलनायकाचे खास सरदार आठ," म्हणाले,
"कथेला लागतात तीन.
उरलेल्या पाचांचं काय करायचं?"
हिरुकावा सेन्सेई चहात पाहत राहिले.
मी सहाव्याच्या कमरेची गाठ काढत होते,
मान वर न करता.

चार वर्षं काढतेय ही गाठ.
सात पदर, शेवटचा डावीकडून आत,
कारण तोगासे डावखुरा आहे.
कथेत हे कुठेच सांगितलेलं नाही.
त्याच्या तोंडी आजवर अकरा वाक्यं आली,
त्यातली चार "जी, धनी".

शाईच्या माणसाचं वजन कसं करतात?
नुकागासानचं माप सोपं: मरायला किती चौकटी लागतात.
पहिल्या सरदाराला दोन अंक लागले,
आई आठवली, लहानपणीचं तळं आठवलं,
तळ्यातलं बेडूकसुद्धा.
चौथा गेला एका चौकटीत, तीही तिरकी.
किंकाळीच्या समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं,
अक्षर लहान करा, जागा नाही.

"कुणावाचून कुणाचं अडत नाही," नुकागासान म्हणाले
आणि बूट घालून तोकोरोझावाच्या थंडीत गेले.

रात्री सेन्सेई टेबलाखालीच झोपले.
मी त्या जोडपानाची झेरॉक्स काढली:
मिठागरांचा राजा पायऱ्यांवर बसलेला,
खाली आठजण.
पांढऱ्या रंगानं तोगासेला पुसलं.
राजा होता तेवढाच मोठा.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग आठवा पुसला. सातवा. तिसरा.
तरी राजा राजाच.
सगळे पुसले, तेव्हा पायरीवर उरला
शेवटची बस चुकलेला एक म्हातारा,
गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला.

नक्की कितव्याला म्हातारा झाला तो?
दुसरी झेरॉक्स घेतली, पुन्हा एकेक पुसत गेले.
पाचव्यानंतर केव्हातरी.
तिसऱ्या झेरॉक्सवर क्रम बदलला,
आधी पहिला पुसला, सगळ्यांचा लाडका,
तळ्यातल्या बेडकावाला.
तरीही पाचव्यानंतरच केव्हातरी.

"उरुशिबारासान," सकाळी सेन्सेईंनी विचारलं,
"पांढरा रंग संपला कसा?"

वाचकांची कार्डं गठ्ठ्यानं येतात.
या खेपेला पहिल्याला नऊशे चाळीस मतं,
तोगासेला तीन.
त्यातलं एक अकितातल्या युरिहोंजोहून,
आडव्या ओळी, शाई तळहाताच्या कडेनं फरफटलेली:
"हा तलवार उजवीकडे बांधतो.
आमच्या वर्गात असं फक्त मी करतो,
म्हणजे पट्टी, तलवार नाही.
तो मरणार असेल तर आधी कळवाल का?"

मला कळवता येत नाही. नियम आहे.

निर्णय झाला. तोगासे पुढच्या अंकात, पान चौदा,
खालची डावी चौकट, चार सेंटिमीटर.
सेन्सेईंनी ती कोरी ठेवून पान माझ्याकडे सरकवलं.
"तुम्हीच काढा," म्हणाले, "मला तो नीट माहीत नाही."
त्यांच्याच डोक्यातून आलेला माणूस.

निब बदललं. मग ते धुऊन जुनंच लावलं.
किंकाळी घातली नाही,
बारावं वाक्यही नाही. तोंडच काढलं नाही.
फक्त कमर, रिकामी म्यान उजवीकडे,
आणि गाठ सुटलेली,
शेवटचा पदर डावीकडून बाहेर.

नुकागासाननी पान उजेडाला धरलं,
शाई वाळली का ते पाहिलं.
"यात मेला हे कळेल का कुणाला?"
"एकाला," मी म्हटलं.
त्यांनी बोट उचललं, मोजायला असावं,
आणि तसंच धरून ठेवलं थोडा वेळ.
मग पान पंधरा.