स्वतःपुरती

आमच्या गावच्या ऑफिसात मी कुत्र्यांचे बिल्ले देते,
जन्ममृत्यूचे दाखले, बोटींची नोंदणी,
आणि पानं गळायला लागली की शिकारीचे परवाने.
एवढंच माझं खातं.
ओदिलों मिशोला हे ठाऊक होतं,
तरी सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तो टोपी काढून आत आला
आणि काउंटरवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला.

आत काडतुसं.
जुनीच टरफलं, पुन्हा भरलेली,
घासून इतकी लख्ख की माझा चष्मा त्यांत वीसदा दिसला.
"वीस बसली की डबा वाजत नाही," तो म्हणाला.
मी म्हटलं, ओदिलों, हे सरकारी ऑफिस आहे.
"म्हणूनच आलो."

तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी,
एक्केचाळीस वर्षं तो ही भरतोय,
रेडिओ लावून, बायको मोजे विणायची तसा.
दहा आपल्याला, दहा फेर्नांला.
फेर्नां थोरला. नदीपलीकडे राहतो.
इथे मेनमध्ये नदीपलीकडे म्हणजे कॅनडा.

चर्चच्या जेवणात कुणाचा तरी पुतण्या म्हणाला होता:
स्वतःपुरती केली तर चालतात,
दुसऱ्यासाठी केली तर लायसन्स लागतं.
तेव्हापासून म्हाताऱ्याला झोप नाही.
"फेर्नां दुसरा आहे का?"
त्याने मला असं विचारलं
जणू याचाही दाखला माझ्याच कपाटात असणार.

मी फोन लावला.
राज्याचे पोलीस म्हणाले, हे केंद्राचं.
केंद्रातली बाई म्हणाली, विकतो का?
नाही.
बदल्यात काही घेतो का?
ओदिलोंने प्रामाणिकपणे मान हलवली:
नाताळला मेपलच्या पाकाची एक बरणी.
पलीकडे बराच वेळ शांतता.
मग, "बरणी केवढी?"

पुलावरच्या कस्टमवाल्याने सांगितलं, आधी फॉर्म भरा.
कुठला?
तो आमच्याकडे नसतो.
बंदुकीच्या दुकानातला रेजां हसला:
तीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही,
तू कशाला विचारत बसलीस?
वकिलाने अर्ध्या तासाचे पैसे घेतले
आणि "तसं पाहिलं तर" हे चार वेळा म्हणाला.

दुपारी सँडविच बाजूला ठेवून मी कायदाच उघडला.
त्यात व्यक्ती होती, इसम होता,
धारक होता, हस्तांतरण होतं, उपकलम ख होतं.
भाऊ नव्हता.

ओदिलों डबा काखेत मारून परत गेला.
"उत्तर आलं की कळव."

नोव्हेंबरात आला तो परवान्यासाठी.
बूट पुसले, पायपुसण्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ.
मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, फेर्नां कसा आहे?
"गेल्या शनिवारी पुरला."
पूल ओलांडून गेला होता, काळ्या कोटात, एकटा.
चौकीवरच्या पोराने खिडकीतून वाकून विचारलं,
जाहीर करण्यासारखं काही आहे का?
"काही नाही म्हटलं.
खरंच काही नव्हतं गं माझ्याकडे."

मग पाकिटातून पैसे मोजून देता देता,
हवामानाबद्दल बोलावं तसा:
"आता वीसच्या वीस स्वतःपुरती.
आता कुणाला विचारायला नको."
मी शिक्का मारला. दोनदा मारला,
पहिला नीट उमटला नव्हता.

जानेवारीत केंद्राचं पत्र आलं, दीड पानी.
आपल्या प्रश्नाचे उत्तर वस्तुस्थितीवर अवलंबून आहे.
कुठल्या फाइलला लावावं कळेना,
म्हणून ते कुत्र्यांच्या बिल्ल्यांच्या खोक्यात आहे.
त्याला मी कळवलं नाही.

परवा पुन्हा आला. सप्टेंबर, मंगळवारच.
टोपी हातात, डबा काखेत,
दाखवायला काही नव्हतं, विचारायलाही नव्हतं,
सवयीने घेऊन आला असावा.
यंदा दहाच भरली म्हणाला.

जिन्यावरून उतरून
तो ट्रकपर्यंत पोचेस्तोवर
खुळखुळ ऐकू येत होती.