निळे दाणे

पोतोसीत हवा मुळातच उसनी.
चार हजार मीटरवर माणूस
दोन वाक्यांच्या मध्ये टेकतो.
ट्रान्सफॉर्मर मात्र दिवसाकाठी एकच श्वास घेतो,
तोही रात्री, सावकाश.

झेनोबिया चोकेविल्काने पहिल्याच दिवशी समजावलं,
हातमोजा दातांनी ओढत:
दुपारी तेल तापतं, फुगतं,
वरच्या आडव्या टाकीत चढून बसतं.
गारठा पडला की आकसतं, उतरतं,
मग बाहेरची हवा आत.
"कोरडी आली पाहिजे. एवढंच बघायचं. बाकीची दुखणी त्याच्या मागून."

म्हणून नळीच्या टोकाला काचेचं भांडं,
त्यात सिलिकाचे दाणे.
कोरडे तोवर निळे,
ओल प्यायले की गुलाबी, बाळाच्या हिरड्यांसारखे.
खालून गुलाबी झाले तर रीतसर.
वरून झाले तर वायसर गेलाय, शिडी आण.

तिचा बाप एउलोहियो एकोणीस वर्षं डोंगराच्या पोटात.
नंतर इथंच रात्रीचा राखणदार.
त्याच्याही छातीत सिलिका.
डॉक्टर फिल्म उजेडाला धरून ठिपके मोजायला लागला
तेव्हा म्हणाला, राहू द्या,
पगार त्याचाच मिळत होता.

शेडमधल्या भट्टीत ती गुलाबी दाणे भाजायची.
तो बाकावर, गुडघ्यांवर पोंचो,
ट्रेकडे टक लावून.
"पुन्हा निळे होतात?"
"होतात."
"किती वेळा?"
ती चिमट्याने दाणे परतत राहिली.
"पुष्कळदा," म्हणाली, जरा वेळाने.
तो खोकला. भट्टी तापली होती.

आता तो नाही.
मी बाटलीत तेलाचा नमुना घेतो, फिक्क्या चहाच्या रंगाचा,
रिलेच्या खिडकीत गॅस नाही ना बघतो,
काट्याची खूण वहीत उतरवतो:
पातळी, तापमान, दाण्यांचा रंग.
शेवटी एक रकाना आहे
जो छापील नाही.
पेन्सिलीने, वाकडा आखलेला: बुडबुडे.

भांड्याखाली तेलाची वाटी असते,
आत जाणारी हवा तिच्यातून जाते.
तो रात्रभर मोजायचा.
अकरा. चौदा. एका जूनमध्ये, कडाक्याच्या थंडीत, एकतीस.
कंपनीला त्याचा उपयोग नाही.
झेनोबिया नवी वही आली की
पट्टी न घेता
तो रकाना आखून देते.

काल रात्री नऊ.
दहावा अर्धा आला,
थांबला.
मी दिवा धरून उभा होतो.