डावी बाजू

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, कोपरा हुकलेली, आकडा वाकडा पडलेली
आधी नजरेला बोचायची, मग दिसायची.
ती बाजूला.
एवढंच काम. हात त्यात तरबेज.

आता दर शनिवारी पहाटेची बस धरून
मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागेमागच्या रिंगणात
मी तन्वीरच्या डाव्या बाजूने चालते.
उजवीकडे कॉलेजातला इंद्रनील, जांभया देत,
पुढे दोर धरून खंडू लहामगे,
आणि वर, घोंगडीच्या गादीवर, नऊ वर्षांचा तन्वीर,
मान छातीत रुतलेली,
बोटं जणू कुणी आतून आवळून धरलेली.

घोडीचं नाव बिजली.
चालते मात्र जेवणानंतरच्या दुपारसारखी.
पंधरा लग्नसराया तिने नवरदेव वाहिले
पंचवटीपासून सातपूरपर्यंत,
बँडपुढे पाय उचलून नाचली,
वय झालं तसं मालकाने इथे आणून सोडली.
कपाळावर कलगीच्या पट्ट्याचा व्रण अजून आहे.

मिसाळ मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
हात मांडीवर ठेवायचा, दाबायचा नाही.
सरळ करायला जायचं नाही.
कलला तर कलू द्या, घोडी आणेल त्याला मध्यावर.
तुम्ही फक्त असा.

फक्त असायचं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
म्हणून मी पावलं मोजते.
शंभर झाली की मनात एक गड्डी बांधते.
एका शनिवारच्या साधारण बावीस गड्ड्या.

देवळालीच्या घरी, मागच्या खोलीत, माझा भाऊ होता. दिगंबर.
पाहुणे आले की ते दार ओढून घ्यायचं काम माझं.
तेही मी चोख केलं.
खंडूला एकदाच सांगितलं, तो खरारा करत होता.
"घोडीला सांगा," म्हणाला,
"माझ्या ध्यानात राहत नाही."

मग डिसेंबरात,
थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या,
धुरात आम्ही सगळे अर्धे अर्धे,
आणि पलीकडच्या रस्त्याने कुणी नवरदेव
मारुतीच्या पाया पडायला निघालेला.
ताशा कडाडला.
बिजलीचे कान उभे. मान कमानली.
पुढचा उजवा पाय हवेतच थांबला,
जसा थांबायचा पूर्वी, नोटा ओवाळल्या जाताना.

खंडू ओरडला. मॅडम धावल्या.
माझा हात, तो तरबेज हात,
पोराची कंबर धरून त्याला खाली ओढायला निघालाच होता
आणि मी वर पाहिलं.

पाठ ताठ झाली म्हणाले तर ते खोटं होईल.
पण मान वर होती, मुठीत आयाळ होती,
आणि घोडी डावीकडे झुलली की तोही डावीकडे,
उजवीकडे की उजवीकडे,
अर्धा ठेका मागून,
पण चुकत नव्हता.

मी हात मांडीवर ठेवला.
दाबला नाही.

सहासात पावलं असतील. मोजली नाहीत.

वरात पुढे गेली. बिजलीवरून कुणी काही ओवाळलं नाही.
ती फुरफुरली आणि पुन्हा म्हातारी झाली.
तन्वीरची मान हळूहळू परत छातीत.
कुंपणापाशी रुबीना, डब्याचं झाकण हातात,
तिला फक्त त्याची पाठ दिसली होती.
"हसला का?"
हो म्हणाले असते तरी चाललं असतं.
"नाचला," मी म्हटलं.
तिने झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

रजिस्टरात नोंद झाली:
घोडी बिथरली. मुलास इजा नाही. यापुढे दुसरी घोडी द्यावी.
खंडूने ती ओळ वाचली नाही,
किंवा चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं.

पुढच्या शनिवारी रिंगणात बिजलीच उभी होती.
मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, खंडूकडे पाहिलं,
घड्याळाकडे पाहिलं.
तन्वीरला वर चढवलं.
मी जाऊन उभी राहिले
बाजूला.