बोटांना लागलेलं वळण

काल रात्री मालकाच्या भाच्यानं
सॉफ्टवेअर अपडेट केलं
आणि सकाळी माझी बोटं
भलत्याच स्टँडवर उतरल्यासारखी
कीबोर्डवर उभी राहिली.

अकरा वर्षं. कन्ना चौकाजवळचं दुकान,
खाली फ्लेक्सचं मशीन, वर पोटमाळ्यावर मी.
अकरा वर्षांत एकदाही खाली बघून टाइप केलं नाही.
कंट्रोल क्यू म्हणजे अक्षरं वळणात :
मग फाइल कुठल्याही मशीनवर जाऊ दे,
वेलांटी निसटत नाही, रफार उडत नाही,
'हार्दिक'चं 'हादिर्क' होत नाही.
आज कंट्रोल क्यू दाबलं
तर त्यानं अदबीनं विचारलं, बंद करू का?
आणि मी सवयीनं एंटर.

बारा बाय वीसचा वाढदिवस
चौऱ्याहत्तर शुभेच्छुकांच्या फोटोंसकट गेला.
खालून गुरुनाथ ओरडला, "काय करलालास बे, रेवण्णा?"
म्हटलं, शिकलालोय.

दुपारी अंबुबाई मादगुंडी आल्या,
विडी घरकुलातून, शेअर रिक्षानं.
पदराच्या गाठीत पाचशेची नोट, पिशवीत एकच फोटो.
कै. राजमल्लू नरसय्या मादगुंडी. उद्या दहावा.
"दोन बाय तीन बस्स. कमळ नको, दिवा नको.
नाव तेवढं नीट घाला.
रेशनकार्डावर राजमल पडलंय, तसं नको."

फोटो कुणाच्या तरी लग्नातला.
मागं खुर्च्या, एका पोराचा अर्धा चेहरा,
आणि राजमल्लूंच्या खांद्यावर चार बोटं, हिरवा चुडा.
असले हात मी रोज खोडतो.
श्रद्धांजलीत माणूस एकटा लागतो.
मागं ढग टाकले, नाव टाकलं,
कड मऊ करायची जुनी की दाबली.
ती आता कड मऊ करत नाही, माणूस उलटा करते.
माझ्या लक्षातही आलं नाही.
"हे नव्हेत," अंबुबाई म्हणाल्या.
"चामखीळ ह्या गालाला,"
आणि स्क्रीनवरच्या गालाला नाही, हवेत हात लावला,
रोज समोर बसून जेवणाऱ्याच्या गालाला.

कंट्रोल झेड तेवढं अजून जुन्याच घरात राहतं.
दाबलं. चामखीळ परतली.
हात थांबेना, दाबत गेलो :
ढग गेले. नाव गेलं. कै. गेलं.
खुर्च्या आल्या, अर्धं पोर आलं,
खांद्यावर चार बोटं आली.

"थांबा."

थांबलो. खाली मशीनचं हेड
इकडून तिकडं जात होतं.
कुणाचा हात, हे विचारायची गरज नव्हती.
चुडा नव्हता आता, बोटं तीच :
टोकाला तंबाखूचा पिवळा, अंगठ्याचं नख दोऱ्यानं चिरलेलं.
मांडीवर सूप नसताना ती वळत होती
पान नसलेली, तंबाखू नसलेली विडी.

"कंपनीनं मागं विडी आखूड केली," त्या म्हणाल्या.
"महिनाभर माझी लांबच वळायची.
चेकर छाट काढायचा, पैसे कापायचा.
बोटाला सांगून कळत नाही, बाळा."
"मग?"
"मग काय. एक दिवस आखूड वळली.
कुठल्या दिवशी, ते काही कळलं नाही."

जरा वेळानं म्हणाल्या, "हात राहू दे."

खुर्च्या काढल्या, पोर काढलं.
मेनूत एकेक चित्र बघत, पहिलीतल्या पोरासारखा,
चुड्याच्या कडेनं हळूहळू गेलो.
दहा मिनिटांच्या कामाला दीड तास.
कै. परत लिहिताना उगाच खाली बघितलं.
मग अक्षरं वळणात. त्याला आता तीन बोटं लागतात.

गुरुनाथनं प्रिंट धरून बघितली,
"अरे, हात राहिलाय की कुणाचा तरी."
अंबुबाईंनी फ्लेक्स गुंडाळला, काखेत घेतला,
सुट्ट्याची वाट न बघता गेल्या.

नव्या किया कागदावर लिहून
मॉनिटरखाली चिकटवल्या आहेत.
रात्री आठला, मालक शटर ओढत असताना,
परत कंट्रोल क्यू.
बंद करू का?
बोट एंटरवर होतंच.
उचललं, माउस धरला,
'नको' कुठं लिहिलंय ते शोधलं.