वाढ नाही

बस्त्याव किणी, वय सहासष्ट, गोराई.
पोटातल्या धमनीच्या जागी चार वर्षांपूर्वी शिवलेली
पॉलिएस्टरची नळी, अंगठ्याएवढी जाड, चुणीदार.
डॉक्टर तिला ग्राफ्ट म्हणतात,
तो म्हणतो, आतलं कापड.

संध्याकाळी ताप, पहाटे उशी ओली, कंबरेत ठणका.
पाच महिने.
त्यातले दोन टीबीच्या गोळ्यांवर, उगाच.

त्याचं रक्त माझ्याकडे येतं, परळला, तळमजल्यावर,
जिथं इन्क्युबेटर रात्रभर सदतीस अंशांवर घुमतो.
तांबड्या प्लेटवर मी तारेनं रेघा ओढते
आणि थांबते.
पाचव्या दिवशी बघते. सातव्या. चौदाव्या.
प्लेट गुळगुळीत, कुणी पाऊल न टाकलेल्या ओल्या वाळूसारखी.
शिक्का मारते: वाढ नाही.
तीनदा मारला. शाई फिकी होत गेली.

बावीस वर्षांत एवढं कळलंय
की प्लेट खोटं बोलत नाही,
पण विचाराल तेवढंच सांगते.

चौथ्यांदा रक्त घ्यायला मीच वर गेले.
दंडाला पट्टा बांधताना दिसली
मनगटावर दातांची जुनी खूण.
‘कुत्रा?’
‘नाय बाय, शेळी. मोनिका.’
मग बोलतच सुटला.
गणपतीच्या सुमारास मोनिका अडली होती,
रात्री कुठला डॉक्टर मिळतोय खाडीपलीकडे,
कोपरापर्यंत हात घालून ओढली दोन करडं,
एक जगलं.
जार पुरला माडाच्या बुंध्याशी.

केसपेपरवर व्यवसाय: निवृत्त.

डॉ. मुणगेकरांना जिन्यातच गाठलं.
त्यांचा चहा हातातच राहिला.

नवी तपासणी, आठ दिवस, मग एक कागद:
शेळीच्या जारात मुक्काम करणारा जंतू,
माझ्या प्लेटवर कधीच न उगवणारा.
त्याला जिवंत पेशीच लागते, घराच्या आत घर.
त्या पेशींनिशी कापडाच्या चुणीत
त्यानं बिऱ्हाड थाटलेलं.

कापड उसवून दुसरं घालावं लागेल,
शिवाय गोळ्या, दीड वर्ष तरी.
बस्त्याव ऐकत होता, छताच्या पंख्याकडे बघत.
‘आणि मोनिकाला?
तिचं दूध शेजारची पोरं पितात.’

कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं.
मुणगेकर म्हणाल्या, उकळून प्यायला सांगा,
आणि कुणाला तरी फोन लावायला बाहेर गेल्या.

खाली टाकाऊच्या लाल पिशवीत त्याच्या प्लेटा पडल्यात.
बांधायच्या आधी एक काढून
ट्यूबलाइटकडे धरते, तिरकी, सरळ, पुन्हा तिरकी.

अजूनही काही दिसत नाही.