उपाशीपोटी

पहाटे साडेपाचला निघतो
तेव्हा सिडकोत दिव्यांखाली फक्त कुत्री असतात.
स्कूटरवर पायांमध्ये निळी पेटी,
आत बर्फाच्या दोन विटा.
मोबाइलवर यादी: अकरा घरं, अकरा उपाशी माणसं.
गेल्या वर्षी सहा असायची.

लोकांना आता आतलं जाणून घ्यायचं असतं.
डी किती, बी बारा किती, तीन महिन्यांची साखर किती.
वाढदिवसाला मुलगा आईला साडी पाठवत नाही,
छत्तीस चाचण्यांचं पॅकेज पाठवतो
टेक्सासहून, कूपन लावून.
दार उघडून ती आधी पाकीट शोधते.
नाही आजी, भरलेत पैसे.
तुम्ही फक्त मूठ आवळा.

मला चेहरे लक्षात राहत नाहीत.
कोपराच्या खळ्या राहतात.
पंचवटीतल्या हारवाल्या बाईंची शीर
ओल्या दोऱ्यासारखी, बोटाखालून निसटते.
गंगापूर रोडच्या वकिलांची नळासारखी जाड,
पण सुई दिसली की ते छताकडे बघत
रामरक्षा म्हणतात,
आणि मी श्लोक संपेपर्यंत थांबतो.

बायको अंबडला, नळ्यांच्या कारखान्यात.
रिकाम्या नळ्या, त्यांवर टोपणं,
जांभळी, लाल, करडी.
आतली हवा यंत्र काढून घेतं.
पोकळीच काम करते, ती सांगते,
रक्त आपणहून धावत येतं.
दिवाळीपासून तिच्याकडे तिसरी पाळी लागलीय.
खोक्यांवरची गावं ती पाठ करून येते,
लागोस, लिमा, हनोई,
आणि मुलीचं बोट नकाशावर फिरत राहतं.
"एवढं रक्त असतं का गं जगात?"
"असतंच," ती म्हणते, भाकरी उलटत,
"आधी कोणी मागत नव्हतं."

जेल रोडला पुंजाजी साळवे.
प्रेसमध्ये तेहतीस वर्षं, नोटा तपासायला.
फुटलेली शाई, सरकलेला आकडा,
चुकार कागद अंगठ्याला आधी कळायचा, डोळ्यांना नंतर.
पेन्शन जमा झाली की मला बोलावतात, दर महिन्याला.
बाबा, मागच्या खेपेला सगळं नॉर्मल होतं.
"होतं ना. पण एकही दोष निघाला नाही
म्हणजे तपासणारा पेंगत होता,
असं आमचे साहेब म्हणायचे."
बाही त्यांनी आधीच दुमडलेली असते.
टेबलावर दोन चहा. एक माझा,
एक बशीने झाकलेला, रक्त दिल्यावरचा.
पट्टा बांधला की ते बोलायला लागतात
आणि पट्टा सोडला तरी थांबत नाहीत.
सोजर होती तेव्हा घरी कोण येत होतं रक्त न्यायला?
बिटकोत रांग, तिथून परत दुसऱ्या रांगेत.
ती म्हणायची, पापड होऊ देत, मग जाऊ.
पापड झाले.
डबा अजून फळीवर आहे.
पुढच्या घरून दोनदा फोन येतो.
मी बशी उचलून त्यांच्या पुढे सरकवतो.

रविवारी बायको जिन्यात बसली,
तिसऱ्या पायरीवर, कोथिंबिरीची जुडी मांडीवर.
नुसती दमलेय, म्हणाली.
ओठ पांढरे. नखं मी उगाचच पाहिली.
काढू का?
"दिवसाला हजारो नळ्या जातात हातातून,
त्यात माझी एक कशाला?"
तरी हात पुढे केला, कणीक लागलेला.

तिची शीर मी कधी शोधली नव्हती.
बारा वर्षांत हा हात इतक्यांदा धरला,
खळीत तीळ आहे हे माहीत नव्हतं.
सुई टोचली तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती,
नळीवरचा नंबर वाचत होती, ओठ हलवत.
"ही आमच्याच लाइनची.
मंगळवारची रात्रपाळी."

रक्त धावत आलं, ती म्हणते तसं.
रंग मला फिका वाटला.
रंगावरून काही ठरत नाही,
हे मी रोज अकरा घरी सांगतो.

तिने नळी माझ्या हातातून घेतली,
जांभळं टोपण अंगठ्याने दाबून पाहिलं.
"घट्ट बसलंय," म्हणाली,
आणि कापूस खळीत धरून
गॅस बारीक करायला उठली.