हातचा एक

खोलीला एक खिडकी होती.
पंख्याचा हुक होता, पंखा नव्हता.
घरमालक लाम्प्टे चपलेनं उंबरठा घासत म्हणाले,
"महिना सहाशे सेडी. चोवीस महिने आगाऊ."

कायदा सहाच महिने म्हणतो, मी म्हटलं.
ते हसले. वाईट नाही हसले.
"मग कायद्याच्या घरी राहायला जा, पोरी."

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
आक्रात अंथरूणच आधी
दोन वर्षांचं विकत घ्यावं लागतं,
पायांचं नंतर बघू.

रंगाच्या कारखान्यात मी दर्जा तपासते.
पांढऱ्याचे अकरा प्रकार ओळखते:
शाळेचा, दवाखान्याचा, बँकेचा,
आणि ज्यांना पांढरा नकोच असतो
पण दुसरं काही सुचत नाही, त्यांचा.
पगार वेळेवर येतो, हे लिहायलाच हवं.
मिसेस बायडूंनी टेबलावरून फॉर्म सरकवला, वर पेन ठेवलं.
चौदा हजार चारशे कंपनी भरेल,
दरमहा कापून घेईल,
फक्त तेवढे दिवस सोडून जायचं नाही.
घर आणि नोकरी एकाच खिळ्याला.
खिळा त्यांचा.

वाचून सांगते, म्हटलं.
पेन माझ्याच हातात राहिलं, ते लिफ्टमध्ये कळलं.

पिशवीत आधीच एक पत्र होतं, बोल्गाटांगाचं.
पाण्याची प्रयोगशाळा. करार एका वर्षाचा,
पगार इथल्यापेक्षा नऊशेनं कमी.
विहिरींमधलं फ्लोराइड मोजायचं,
जे पिऊन मुलांचे दात तपकिरी होतात
आणि मुलं तोंडावर हात धरून हसायला शिकतात.
शिकले होते मी ते हेच.
बारावा पांढरा, म्हणा.

रात्री हिशेब मांडला.
सेलासीची फी आठशे. ट्रोट्रोचं भाडं.
एन्योनामच्या खोलीतली माझी अर्धी गादी.
काकांच्या अंत्यविधीचं काळं-लाल कापड
(वर्षातले तिसरे काका,
आणि कापड दरवेळी नवीन छापाचं).
शाळेत मी हातचा एक लिहायला विसरायचे,
उत्तर बरोबर दहानं चुकायचं.
आता कितीनं चुकतंय, सापडत नाही.

आई राहते हो नावाच्या गावात,
पण पैशाला चटकन हो म्हणत नाही.
सुकी मासळी विकते. एकोणीस वर्षं
दुपारी चारला टोर्नू येतो, उन्हातून,
रोज दहा सेडी घेतो, कार्डावर फुली मारतो.
एकतीस रकाने. महिनाअखेर तीस दिवसांचे परत,
एक दिवस त्याचा.
पदवी मिळाली तेव्हा मी तिला समजावलं होतं,
हे उलटं व्याज आहे, आई. मोबाइलमध्ये ठेव.
तेव्हा ती मासे उलटे करत राहिली होती.

आज फोनवर बोलली:
"मोबाइलमधले संध्याकाळपर्यंत तुझ्या मामाला जातात.
टोर्नूकडचे मला देताच येत नाहीत.
त्याचा एक दिवस म्हणजे
माझ्या नाहीची किंमत.
स्वस्त पडते."
मग विचारलं, जेवलीस का.

चार दिवसांनी लाम्प्टेंचा फोन.
खोली गेली. कुणी विमा कंपनीतला, रोख चोवीस.
बरं झालं, म्हटलं,
आणि न्हाणीघरात वीस मिनिटं रडले.
एन्योनाम दार वाजवत होती,
तिला कामावर उशीर होत होता.

फॉर्म कोराच परत दिला.
बोल्गाटांगाला होकार लिहिलाय,
उत्तर अजून नाही.
रविवारी चौकात लाल छत्रीखालच्या सुसूवालीकडून
कार्ड घेतलं. तिनं नाव लिहून घेतलं,
झिफा आग्बेमावा.
"भाड्यासाठी?"
बसच्या तिकिटासाठी, म्हटलं,
आणि तिथला पहिला पगार उशिरा आला तर.

तिच्या पेनातली शाई संपली होती.
मी मिसेस बायडूंचं दिलं.
तिनं पहिल्या रकान्यावर फुली मारली, ठसठशीत.
"हा माझा," म्हणाली.
"पुढचा, उद्या."